वजन नाही, वर्जन

आमच्या ऑफिसात 'फायनल' हा शब्द उच्चारायला बंदी होती. भिंतीवर तशी पाटी नव्हती, पण ताई होत्या. कोणी एखाद्या फाइलला 'फायनल' असं नाव दिलेलं त्यांना दिसलं, की त्या खुर्ची मागे सारून उठायच्या, त्या माणसाच्या पाठीशी येऊन उभ्या राहायच्या आणि अगदी मऊ आवाजात विचारायच्या, "फायनल म्हंजे काय भाऊ? याच्यानंतर तू काही करनारच नाही का? मरून जानार हायेस?"

मी तिथं लागलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या मशीनवर त्यांना 'फायनल_नवीन_खरा_२' नावाची फाइल सापडली. त्यांनी ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. मग ऑफिसातल्या बाकीच्या चार जणांना बोलावून त्यांनाही वाचून दाखवलं.

"याच्यात 'खरा' कोनता हाये?" त्यांनी मला विचारलं.

"हाच, ताई."

"मंग जो खोटा हाये, तो ठेवला कायले?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे पाह्य. फायनल फक्त परीक्षा राह्यते. आन् तिच्यातबी एटीकेटी असते."

ऑफिस वाशीमच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली शेठचे वडील आणि थोरले भाऊ पितळी घागरी आणि स्टीलचे डबे विकायचे, वर शेठ सॉफ्टवेअर विकायचा. शेठ म्हणजे बत्तीस वर्षांचा, जैन घरातला धाकटा मुलगा. हाफ पँट घालून ऑफिसला यायचा, पण बाजारातल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्याला शेठच म्हणायचे. खाली कोणाच्या हातून पातेलं निसटलं, की वर फोनवर बोलणारं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "काय पडलं?" आणि आम्ही सांगायचो, "काही नाही, खालचा विभाग."

आमचं सॉफ्टवेअर वजनकाट्यांचं होतं. सोयाबीननं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, त्याचं वजन घ्यायचं. माल उतरवून तोच ट्रॅक्टर रिकामा परत येतो, पुन्हा वजन घ्यायचं. मोठ्यातून लहान वजा करायचं आणि पावती छापायची. बस. चौथीतलं पोरगंही करील अशी वजाबाकी. पण ती वजाबाकी चुकली तर काट्यावर काय होतं, ते मी पुढं पाहिलं.

ताईंकडे 'बिल्ड' होतं. आम्ही पाच जण दिवसभर जे काही लिहायचो, ते सगळं एकत्र करून त्यातून एक चालणारा प्रोग्रॅम तयार करायचा, त्यावर वर्जनचा, म्हणजे ही कितवी आवृत्ती त्याचा, आकडा टाकायचा आणि काटेवाल्यांना पाठवायचा. हे हातानं करायचं काम नाही. त्यासाठी एक स्क्रिप्ट असते, म्हणजे मशीननं एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. ती स्क्रिप्ट ताईंनी लिहिली होती, आणि त्यांनी इंजिनियरिंग कॉलेजचं दार आतून पाहिलेलं नव्हतं.

त्या कोर्टासमोरच्या टायपिस्ट होत्या. त्यांचे वडील लिंबाखाली टेबल टाकून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. वडील थकले तेव्हा मशीन ताईंकडे आलं. बारा वर्षं त्यांनी लोकांची भांडणं टाइप केली. टाइपरायटर गेले, संगणक आले, तेव्हा शेठनं त्यांना गिऱ्हाइकांची नावं भरायच्या कामासाठी वर आणलं. आम्ही की-बोर्डकडे बघत टाइप करायचो. ताई खिडकीबाहेर बघत टाइप करायच्या आणि त्याच वेळी खालच्या दुकानात कोण आलं, कोण न घेता गेलं, तेही सांगायच्या.

कोर्टासमोर त्या एकच गोष्ट शिकल्या होत्या, आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली. पाकिटावर काय लिहिलंय यावर जायचं नाही. आतला कागद काढून वाचायचा.

हे आमच्या धंद्यात कसं कामाला आलं, ते सांगतो. ताईंच्या आधीची स्क्रिप्ट पुण्याच्या एका हुशार मुलानं लिहिलेली होती. ती ज्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम पडला असेल, त्या फोल्डरचं नाव उचलायची आणि तेच वर्जन म्हणून बाहेर लिहायची. एकदा कोणीतरी जुना प्रोग्रॅम चुकून नव्या फोल्डरमध्ये टाकला. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या काट्यावर जे गेलं त्याच्या नावात १.७ होतं आणि पोटात १.५. मालेगाववाला ओरडायला लागला, की तुम्ही दुरुस्त केलेली चूक परत कशी आली? पुण्याचा मुलगा शपथेवर सांगायचा, की नाव बघा, १.७ च आहे. चार दिवस हे चाललं.

ताई तेव्हा नुसत्या नावं भरत होत्या. पाचव्या दिवशी त्या उठल्या, त्या फाइलवर उजवं बटण दाबलं, तिची माहिती उघडली आणि 'तपशील' नावाच्या पानावर गेल्या. तिथं फाइल स्वतःच्या तोंडानं सांगत होती, की मी १.५.

"हे कुठून शिकल्या?" शेठनं विचारलं.

"शिकायचं काय त्याच्यात? मी पाकीट खोललं."

दुसऱ्या महिन्यात पुण्याचा मुलगा पुण्याला परत गेला आणि स्क्रिप्ट ताईंकडे आली. त्यांनी ती फाडून नव्यानं लिहिली. आता मशीन स्वतःच तयार झालेली फाइल उघडायचं, तिच्या आत कोरलेलं वर्जन वाचायचं, तेच बाहेरच्या नावात घालायचं, आणि दोन्ही जुळली नाहीत तर काम थांबवायचं.

थांबल्याचं कळायला ताईंनी घंटा बसवली होती. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर. त्यांच्या गाडीतल्या दोरीच्या घंटेचा आवाज ताईंनी मोबाइलवर टिपून आणला आणि स्क्रिप्टला जोडला. बिल्ड फसलं की एक ठण्. यशस्वी झालं की ठण् ठण्. डबल बेल वाजली की खालून शेठचे वडील ओरडायचे, "सुटली का गाडी?" आणि ताई वरून, "सुटली, काका!" त्यानंतर चहा यायचा. सिंगल बेलनंतर चहा येत नसे. आम्ही पाच पदवीधर त्या दोन घंटांवर जगत होतो.

वाचायची ही खोड ऑफिसपुरती नव्हती. औषधाची पट्टी त्या दुकानातच उलटीपालटी करून वाचत. एसटीवरची पाटी वाचूनही ड्रायव्हरला विचारत, "पाटी मंगरूळपीरची हाये. तुमी कुठी चालले?" ड्रायव्हर चिडायचे. पण एकदा एकानं खरोखरच पाटी बदललेली नव्हती आणि तो रिसोडला चालला होता. तेव्हापासून स्टँडवर ताई दिसल्या, की ड्रायव्हर आधी खाली उतरून स्वतःची पाटी बघत.

शेठचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा नमुना त्यानं हौसेनं ऑफिसात फिरवला. सगळ्यांनी सोनेरी गणपती बघून वा वा केलं. ताईंनी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला बसल्या. वाचून झाल्यावर पत्रिका घडी करून शेठला दिली.

"शेठ, चांगली झाली. मांडव तुमचा हाये, जेवन तुमचं हाये, आईबाप तुमचे हायेत. फक्त नवरदेव दुसरा हाये."

छापणाऱ्यानं आधीच्या गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवरच नवी बसवली होती आणि नवऱ्याचं नाव बदलायचं विसरला होता. शेठनं नाव पाहिलं आणि छापणाऱ्याला फोन लावला. फाइलचं नाव अर्थातच 'पत्रिका फायनल' होतं.

फोन आला की ताईंचं एकच वाक्य. "जयभीम, वर्जन बोला." नाव नाही, गाव नाही, तक्रार नाही. आधी वर्जन. बहुतेक काटेवाले सरावले होते. फक्त शेलूबाजारचे काका सरावले नव्हते. काका म्हणजे हमरस्त्यालगतच्या काट्याचे मालक, साठीचे, कानानं जरा जड, आणि जन्मभर वजनातच असल्यामुळे त्यांना दुसरा शब्द ऐकूच यायचा नाही.

"वजन? कोनाचं वजन?" काका ओरडायचे.

"वजन नाही काका, वर्जन!"

"हो, पन कोनत्या गाडीचं?"

"गाडीचं नाही. सॉफ्टवेअरचं!"

"सॉफ्टवेअरचं वजन मी कसं करू बाई? काट्यावर ठेवू का कंप्युटर?"

एकदा त्यांनी खरंच ठेवला. काटा दहा किलोच्या खाली काही दाखवत नव्हता. काकांनी फोनवर सांगितलं, "शून्य येऊन राह्यलं." ताई म्हणाल्या, "बराबर हाये," आणि फोन ठेवून डोकं टेबलावर टेकलं.

तर याच काकांकडे ती गोष्ट घडली. सोयाबीनचा हंगाम भरात होता. आमच्या १.९ मध्ये एक खोट होती. एकच ट्रॅक्टर दिवसात दुसऱ्यांदा आला, की ते त्याचं सकाळचंच रिकामं वजन धरायचं. मधल्या वेळात त्यानं ट्रॉली बदलली असेल तर हिशेब फसला, कारण जड ट्रॉलीचं लोखंड सोयाबीनमध्ये जमा व्हायचं, नाहीतर हलक्या ट्रॉलीमुळे सोयाबीन कमी भरायचं. आम्ही ते दुरुस्त केलं, ताईंनी १.१० तयार केलं, डबल बेल वाजली, चहा झाला, सगळ्या काट्यांना ते गेलं. काकांनी त्याच दिवशी चढवलं. पडद्यावर आलं, 'काम यशस्वी'.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकांचा फोन आला. ताईंनी "जयभीम" म्हटलं आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं, कारण काका रडवेले झाले होते.

"ताई, काटा खोटं बोलून राह्यला. कालपासून अकरा पावत्या चुकल्या. लोकाइनं वजन बंद पाडलं. माह्या बापानं हा काटा मांडला, आजवर कोनी बोट नाही दाखवलं. तुमी या."

ताईंनी पर्स आणि लॅपटॉप उचलला. "गाडी काढ," त्या मला म्हणाल्या. माझ्या मोटारसायकलवर त्या मागे बसून शेलूबाजारला निघाल्या. वाटेत मागच्या खिशातला माझा मोबाइल वाजला तेव्हा त्यांनी तो काढला, शेठचा होता, आणि बंद करून परत ठेवला.

काट्यावर पंधराएक ट्रॅक्टर उभे होते आणि तीसेक माणसं. काका केबिनच्या दारात भिंतीला टेकून उभे होते. आम्हाला वाट करून दिली, पण प्रेमानं नाही. पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे बाबा म्हणाले, "आल्या का खोट्याच्या मालकीन?"

ताई आत गेल्या, संगणकावर बसल्या, उजवं बटण दाबलं, तपशील उघडला. १.९.

"काका, तुमी नवीन चढवलं होतं ना?"

"चढवलं. यशस्वी म्हने."

ताईंनी परत चढवलं. यशस्वी. परत तपशील. १.९. मी त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट उघडून दिली. त्यात त्यांनीच घातलेला एक नियम होता. काट्यावरची फाइल आणि नवी फाइल, दोन्हींची वर्जनं वाचायची, नवी मोठी असेल तरच जुनी बदलायची. कोणी चुकून जुनं वर्जन चढवू नये म्हणून घातलेला शहाणा नियम. ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं.

"मी अक्षरं म्हनून वाचलं," त्या हळूच म्हणाल्या. "आकडे म्हनून नाही."

मलाही तेव्हाच उमगलं. शब्दकोशात लावतात तसं एकेक अक्षर लावत गेलं, तर १.१० मध्ये ठिपक्यानंतर पहिलं अक्षर १, आणि १.९ मध्ये ९. एक आधी, नऊ नंतर. म्हणजे मशीनच्या लेखी १.९ हेच नवं, १.१० जुनं. जुनं कशाला चढवायचं? म्हणून त्यानं हात लावला नाही आणि 'यशस्वी' म्हणून मोकळं झालं. नऊपर्यंत हा नियम कधी चुकलाच नव्हता. दहा आला आणि फसला. आणि इतर काट्यांवरही हेच झालं असणार.

ताईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जगातल्या सगळ्यांच्या पाट्या वाचणारी बाई, आणि तिनं स्वतःचा दहा वाचला नव्हता. मी म्हटलं, "ताई, मी सांगतो त्यांना, तांत्रिक अडचण आहे म्हणून."

"तांत्रिक अडचन कोनाचं नाव हाये?" त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या बाहेर गेल्या, पदर खोचला आणि सरळ काट्याच्या लोखंडी फळीवर चढल्या.

"जयभीम, रामराम. काट्याची चूक नाही. काकाइचीबी नाही. चूक माही हाये. कशी झाली थे ऐकून घ्या, मंग काय बोलायचं थे बोला." त्यांनी पांढऱ्या टोपीकडे बोट केलं. "बाबा, गट नंबर नऊ आन् गट नंबर दहा. आधी कोनता येते?"

"नऊ," बाबा संशयानं म्हणाले.

"माह्या कंप्युटरनं दहा आधी धरला."

"काहून?"

"त्यानं दहामधला नुसता एक वाचला. म्हने, एक लहान, नऊ मोठा."

बाबांनी टोपी सारखी केली. "आन् शून्य?"

"शून्यापर्यंत थो गेलाच नाही."

"मंग हे तर माह्या नातवावानी झालं!" बाबा ओरडले, आणि मागच्या ट्रॅक्टरवरून कोणीतरी म्हणालं, "शाळेत टाका त्याले!" एक जण हसला, मग दहा हसले. हसण्यात राग होता अजून, पण वाट सापडलेला.

ताई आत आल्या. दहा मिनिटांत त्यांनी ती ओळ बदलली. वर्जन ठिपक्या-ठिपक्यांवर तोडायचं, प्रत्येक तुकडा आकडा म्हणून मोजायचा, मग तुलना. लॅपटॉपवरच स्क्रिप्ट चालवली. मशीननं फाइल बांधली, आतलं वर्जन वाचलं, नाव जुळवलं, आणि पूर्ण आवाजात ठण् ठण् केलं. बाहेर रस्त्याकडेला एक काळी-पिवळी जीप प्रवासी भरत उभी होती. डबल बेल ऐकताच तिनं गिअर टाकला आणि निघाली. अर्धे प्रवासी खाली राहिले. ते ओरडत मागे पळाले, ड्रायव्हर शंभर फुटांवर थांबून म्हणाला, "घंटी कोनं दिली मंग?"

नवं चढलं. तपशिलात १.१० दिसलं. पण ताईंचा आता दिसण्यावर विश्वास नव्हता. खात्री करायला एकच गाडी दोनदा भरून, दोनदा रिकामी, आणि मध्ये ट्रॉली बदलून तोलायला हवी होती. त्यात दुपार गेली असती. ताईंनी खिडकीतून गर्दीकडे पाहिलं.

"सारे जन काट्यावर चढा."

"आमी?"

"तुमीच आता ट्रॅक्टर. चढा."

तीस माणसं काट्यावर चढली. काकांनी आतून विचारलं, "गाडी नंबर काय टाकू?"

"शेलूबाजार पब्लिक, एक."

काकांनी टाकला. भरलेल्या गाडीचं वजन आलं, एकोणीसशे साठ किलो. "आता हे अर्धे खाली उतरा," ताईंनी हातानं रेघ ओढली. "तुमी माल. राह्यले थे रिकामी ट्रॉली." माल उतरला. पावती निघाली. मग दुसरी फेरी. ताईंनी सगळ्यांना पुन्हा चढवलं, पण या वेळी ट्रॉली बदलली, म्हणजे पहिल्यांदा उतरले होते त्यातल्या जाड जाड माणसांना वर ठेवलं.

"मी मघाशी सोयाबीन होतो," एक जण म्हणाला. "आता लोखंड कसा?"

"तब्येत पाह्य तुही," दुसरा म्हणाला.

एक मजूर बाई डबा हातात धरून उभी होती. "ताई, डब्बा खाली ठेवू का?"

"नको. जसा चढला तसाच राहू द्या. डब्ब्याचंबी वजन राह्यते."

"रिकामाच हाये पन."

"मंग रिकामाच धरून ठेवा!"

हसून हसून काटा हलायला लागला आणि वजन स्थिर होईना. काका आतून ओरडत होते, "हसू नका बाप्पा! दहा-दहा किलोनं वरखाली होऊन राह्यलं!" त्यानं लोक आणखीच हसले. पांढऱ्या टोपीचे बाबा मालात होते, ते खाली उतरायला तयारच होईनात, म्हणाले मी ट्रॉली आहे. त्यांना दोघांनी उचलून उतरवलं. शेवटी सगळ्यांनी श्वास धरला, काकांनी बटण दाबलं, दुसरी पावती आली. ताईंनी दोन्ही फेऱ्यांची वजाबाकी कागदावर हातानं केली. किलोला किलो जुळली. दुसऱ्या फेरीत नवीन ट्रॉलीचंच वजन धरलं होतं.

काकांनी त्या पावत्या ताईंना द्यायला हात पुढं केला, पण बाबांनी मध्येच एक हिसकली. "हे माही. माह्या वजनाची हाये."

ट्रॅक्टर सुरू झाले. मी निघायच्या तयारीत होतो, पण ताई केबिनमध्ये बसल्या होत्या आणि काकांकडून अकरा जणांची नावं घेत होत्या. ज्यांचं वजन चुकलं होतं त्यांच्या ट्रॉल्या परत बोलावून रिकाम्या तोलल्या, वजाबाक्या नव्यानं केल्या आणि प्रत्येकासाठी एक पत्र टाइप केलं. 'मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, आपल्या पावतीवरील वजन माझ्या चुकीमुळे चुकीचे छापले गेले.' खाली खरं वजन आणि सही. शेठ फोनवर कळवळत होता.

"ताई, तोंडी सांगा ना. लेखी कायले देता?"

"शेठ, तोंडी माफीले वर्जन नसते," ताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बाकीच्या सगळ्या काट्यांवर फोन गेले आणि खरंखुरं १.१० चढलं. सुदैवानं दुसरीकडे कुठं ट्रॉली बदलली गेली नव्हती.

आता मी नागपूरला असतो आणि मोठ्या कंपनीत आहे. तिथं वर्जन वाचायला एक अख्खी टीम आहे, आणि दर आठवड्याला कुठल्या तरी फाइलचं वर्जन बाहेर एक आणि आत एक निघतं. पण मी वाशीम सोडलं त्याच्या आधी आणखी एक झालं, आणि त्यात चूक माझी होती.

फाइलच्या तपशिलात वर्जनशिवाय आणखी रकाने असतात. कंपनीचं नाव, वर्णन, टिप्पणी. टिप्पणी कोणी भरत नाही, कारण कोणी वाचत नाही. ताई भरायच्या. १.११ करताना त्यांनी टिप्पणीत लिहिलं, 'मागे चूक माझी होती. शेलूबाजारच्या अकरा जनांची माफी.' कोणी वाचावं म्हणून नाही. जे झालं ते फाइलच्या पोटात असलं पाहिजे, एवढंच. आणि त्या नात्यातल्या एका लग्नाला अकोल्याला गेल्या.

इकडे काकांनी मागणी केली होती, की पावतीच्या तळाशी वर्जन छापा, म्हणजे लोकांना दिसेल. १.११ मधलं ते काम माझ्याकडे होतं. मी फाइलचे तपशील वाचायचा तुकडा लिहिला आणि त्यातला तिसरा तपशील छापायला सांगितला, कारण माझ्या मशीनवर वर्जन तिसरं येत होतं. माझ्या मशीनवर टिप्पणीचा रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना यादीत येतच नव्हता. ताईंच्या फाइलमध्ये तो भरलेला होता. त्यामुळे वर्जन चौथ्या जागी सरकलं आणि तिसऱ्या जागी येऊन बसली टिप्पणी. फाइल उघडून मी वर्जन वाचलं, बरोबर होतं, पण पावती एकही छापून पाहिली नाही. डबल बेल वाजली. मी सगळीकडे पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी वाशीम जिल्ह्यातल्या प्रत्येक काट्यावर, प्रत्येक पावतीच्या तळाशी माफी छापून यायला लागली.

पहिला फोन मालेगावहून. "भाऊ, पावतीवर माफी येऊन राह्यली. कोनी मांगतली?" दुसरा कारंज्याहून. "चूक काय झाली होती, थे तरी सांगा. लोक आमालेच विचारून राह्यले." मानोऱ्याचा माणूस म्हणाला, की एक शेतकरी पावती घेऊन परत आला आणि म्हणाला, जाऊ द्या, माफ केलं. शेठ हाफ पँटमध्ये जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. "बंद करा! लोकांना वाटेल आपलं सॉफ्टवेअर रोजच चुकतं!"

तेवढ्यात ताई आल्या, अकोल्याच्या बसमधून उतरून थेट, हातात लग्नाच्या बुंदीचा डबा. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तिसरा तपशील, रिकामा रकाना, पावती न छापता पाठवणं, सगळं. त्यांनी पावती घेतली, चष्मा लावला आणि वाचली. मग पुन्हा वाचली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना. त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "जिल्हाभर! अरे, अख्ख्या जिल्ह्यानं वाचलं!" खालून शेठचे वडील विचारायला लागले, की वर काय झालं.

शेठ काही बोलणार तोच काकांचा फोन आला. ताईंनी स्पीकरवर टाकला.

"ताई, हे खालची ओळ बंद करू नका बरं."

"काहून काका?"

"लोक पावती खिशात ठेऊन राह्यले. दुसऱ्या काट्यावर जानारे इकडे येऊन राह्यले. म्हनते, इतले काटे पाह्यले, माफी मांगनारा हा पयलाच."

शेठ खुर्ची ओढून बसला.

"ठेवू," ताई म्हणाल्या. "पन हेच वर्जन नाही चालत." त्यांनी पावती माझ्यापुढं धरली आणि 'जनांची'वर नख ठेवलं. "लग्नाच्या घाईत बोलतो तसंच लिहिलं मी. न नाही, ण पाह्यजे."

"एका 'ण'साठी नवीन वर्जन?" शेठ कळवळला.

"जिल्हाभर छापून राह्यलं शेठ."

त्यांनी की-बोर्ड माझ्याकडे सरकवला. "ण तू टाक." मी टाकला. तिसरा तपशील काढून दोन्ही ओळी नावानं मागवल्या, माफी वर आणि वर्जन खाली. या वेळी पावती छापून पाहिली. मग मी म्हटलं, "ताई, 'माझी'च्या जागी 'आमची' करू का? यात माझीही चूक आहे."

"आजिबात नाही. हे माही हाये." त्यांनी बुंदीचा डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. "तुह्यी कायले घुसवतो याच्यात? तुले पुढचं वर्जन अख्खं मोकळं हाये."

पंधरा दिवसांनी १.१३ गेलं. टिप्पणीत, म्हणजे पावतीच्या तळाशीही, ताईंच्या ओळीखाली माझी ओळ होती, मी स्वतः टाइप केलेली, ताईंनी तीनदा वाचलेली. 'मागच्या पावत्यांवर चुकीची ओळ माझ्यामुळे छापली गेली. क्षमस्व.' अकरा वाजता मालेगावहून फोन आला. ताईंनी वर्जन विचारलं, त्यानं न चुकता बरोबर सांगितलं, आणि मग म्हणाला, "ते सारं ठीक हाये ताई. पन हा दुसरा कोन हाये?"